तुम्ही अर्धं सोडता, न्यायाधीश पुरं करतात : इंदूरच्या खासदार-आमदारांना खुले पत्र

प्रति,
इंदूर लोकसभा मतदारसंघाचे खासदार
आणि इंदूर जिल्ह्यातल्या नऊ विधानसभा मतदारसंघांचे आमदार यांस,

स. न. वि. वि.

निकाल मनासारखा लागला नाही की राजकीय व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येतं : कायदा करायचा आम्ही आणि त्याचा अर्थ लावायचा न्यायाधीशांनी, हे कुठवर चालायचं? बोलणाऱ्याचा पक्ष बदलतो, वाक्य तेच राहतं. मी इंदूरच्या न्यायालयांत घरगुती तंटे आणि वारसाहक्काचे दावे चालवणारी वकील आहे. या वाक्याने मला राग येतो तो न्यायाधीशांच्या बाजूने नाही, माझ्या पक्षकारांच्या बाजूने. ज्या अर्थांवरून त्यांच्या पेश्यांवर पेश्या, म्हणजे तारखांवर तारखा, जातात, त्यातल्या पुष्कळ प्रश्नांची उत्तरं कायदा करतानाच देता आली असती. ती दिली गेली नाहीत, म्हणून ती न्यायालयात शोधावी लागली. शोधण्याचा खर्च पक्षकारांनी सोसला.

न्यायाधीश अर्थ लावतात म्हणजे काय करतात, ते आधी सांगते. पहिली पायरी अगदी साधी आहे. शब्द वाचायचा आणि तो ज्या लोकांसाठी लिहिला, त्यांच्या बोलण्यात त्याचा जो अर्थ असेल तो घ्यायचा. राज्याच्या विक्रीकर खात्याचं मुख्यालय आपल्या इंदुरात, म्हणून उदाहरणही त्याच खात्याचं देते. १९५८च्या मध्य प्रदेश सामान्य विक्रीकर कायद्याच्या परिशिष्टात ‘कोल’ असा शब्द होता. एका व्यापाऱ्याकडे होता लाकडी कोळसा. खातं म्हणालं, कोल म्हणजे खाणीतून निघतो तो. लाकूड जाळून केलेला त्यात येत नाही. भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने खातं बरोबरच होतं. पण १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं ते हे, की कोळसा विकणारा आणि सरपणासाठी तो विकत घेणारा या शब्दाने काय समजतात. त्यांच्या लेखी दगडी काय नि लाकडी काय, दोन्ही कोळसाच. खातं हरलं.

त्याच्या आधी, १९६१मध्ये, अकोल्याचं प्रकरण झालं होतं. विड्याची पानं ही करमाफ भाजी आहेत का? वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो, मंडईत भाजी आणायला गेलेला माणूस पानं घेऊन परत येत नाही. शिवाय करमाफीच्या यादीत विड्याच्या पानांची वेगळी नोंद पूर्वी होती आणि विधिमंडळाने ती नंतर काढून टाकली होती. ज्यांनी नोंद काढली, त्यांना पानांवर कर हवा होता हे उघड आहे. न्यायालयाने तसाच निकाल दिला. इथे लक्षात घ्या, न्यायाधीश तुमच्याच पावलांचे ठसे बघत होते. तुम्ही काय घातलं, काय काढलं, कधी काढलं.

पण सरळ वाचून भागत नाही अशी कलमं असतात. तेव्हा दुसरा प्रश्न येतो : हा कायदा आणण्यापूर्वी काय बिघडलं होतं आणि कायद्याने त्यातलं काय सुधारायचं होतं? ही पद्धत १५८४ सालच्या एका इंग्रजी खटल्यातून आली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५मध्ये ती स्वीकारली. तिचा एक फार बोलका नमुना एर्नाकुलमचा आहे. एका गृहस्थाने १६,५०० रुपयांना घेतलेलं घर १९६५मध्ये तेवढ्याच किमतीला सुनेला आणि मुलांना विकलं. बाजारभाव ६५,००० रुपये होता. आयकर कायद्यातल्या तेव्हाच्या एका पोटकलमाचे शब्द जसेच्या तसे वाचले, तर या गृहस्थाला न मिळालेल्या नफ्यावर कर भरावा लागला असता. १९८१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पोटकलम आणताना अर्थमंत्र्यांनी संसदेत केलेलं भाषण काढलं. रोख वेगळी घेऊन कागदावर कमी किंमत दाखवणाऱ्यांना पकडायचं, हा त्यांचा हेतू तिथे नोंदलेला होता. या व्यवहारात लपवाछपवी नव्हती, म्हणून कर नाही. सभागृहात केलेलं भाषण सतरा वर्षांनी एका सासऱ्याच्या उपयोगी पडलं. सभागृहात तुम्ही बोलता ते भिंतींना ऐकवता असं कधी वाटलं, तर हे आठवा. आणि न बोलता हात वर करता, तेव्हाही आठवा.

आता मुद्द्यावर येते. तो मुद्दा आपल्याच गावात जन्मला.

शाहबानो बेगम यांनी पोटगीसाठी १९७८मध्ये अर्ज केला तो इंदूरच्या दंडाधिकाऱ्यांपुढे. त्यांचे पती इथलेच वकील. मागणी होती महिना ५०० रुपयांची, कारण तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या पोटगीच्या कलम १२५मध्ये तीच कमाल मर्यादा होती. अर्ज चालू असतानाच पतीने तलाक दिला. दंडाधिकाऱ्यांनी महिना २५ रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने १९८०मध्ये ते १७९ रुपये २० पैसे केले. पती सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या पीठाने अपील फेटाळलं. या निकालावर देशभर काय रणकंदन झालं ते सांगायला नको. पण कायद्याच्या दृष्टीने प्रश्न कोरडाच होता. ‘पत्नी’ या शब्दात पुन्हा लग्न न केलेली घटस्फोटिता येते, असं स्पष्टीकरण संसदेनेच १९७३च्या संहितेत लिहून ठेवलेलं होतं. त्यात धर्माचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या एका कलमात मात्र म्हटलं होतं की वैयक्तिक कायद्याप्रमाणे घटस्फोटावर देय असलेली सगळी रक्कम मिळाली, तर पोटगीचा आदेश रद्द होईल. मग मेहर, म्हणजे निकाहात पतीने पत्नीला द्यायची ठरलेली रक्कम, ही तशी रक्कम आहे का? न्यायालय म्हणालं, नाही. मेहर लग्नामुळे द्यावी लागते, तलाकमुळे नाही. वाद झाला तो या एका प्रश्नाच्या उत्तरावर. आणि संसदेने तिथे मेहर हा शब्द घातला असता किंवा वगळतो असं म्हटलं असतं, तर तो प्रश्नच उरला नसता.

खरी गंमत पुढची. १९८६मध्ये संसदेने मुस्लिम घटस्फोटितांसाठी नवा कायदा केला. निकाल उलटवण्याचा संसदेला पूर्ण हक्क आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण लिहिलं काय? घटस्फोटितेला तिच्या पूर्वीच्या पतीने इद्दतच्या काळात (म्हणजे तलाकनंतर थांबायच्या ठरावीक मुदतीत) वाजवी आणि न्याय्य तरतूद करावी आणि निर्वाह द्यावा. हे वाक्य दोन तऱ्हांनी वाचता येतं. एक : इद्दतचे सुमारे तीन महिने पुरेल एवढंच द्यायचं. दुसरं : पुढच्या सगळ्या आयुष्याची तरतूद, पण ती करायची मुदत इद्दत संपेपर्यंत. काही उच्च न्यायालयांनी पहिला अर्थ घेतला, काहींनी दुसरा. म्हणजे तलाक झालेली बाई कोणत्या राज्यात राहते, त्यावर तिचं म्हातारपण ठरत होतं. हे पंधरा वर्षं चाललं. शेवटी २८ सप्टेंबर २००१ रोजी दानियल लतीफी प्रकरणात घटनापीठाने दुसरा अर्थ कायम केला. (लतीफी हे सर्वोच्च न्यायालयात शाहबानोंचेच वकील होते. आपल्या पक्षकाराचा निकाल पुसणाऱ्या कायद्यालाच त्यांनी आव्हान दिलं. वकिलीच्या धंद्यात अशी चिकाटी रोज दिसत नाही.) पीठाने पाहिलं की कलमात ‘तरतूद’ आणि ‘निर्वाह’ असे दोन वेगळे शब्द आहेत आणि दोन्हींची क्रियापदंही वेगळी आहेत, एक करायची, दुसरा द्यायचा. दुसरं म्हणजे, पहिला अर्थ घेतला तर कायदा समतेच्या आणि जगण्याच्या हक्काविरुद्ध गेला असता आणि रद्द करावा लागला असता. दोन अर्थ निघत असतील तर घटनेत बसणारा घ्यायचा, हा जुना नियम आहे. म्हणजे न्यायालयाने तुमचा कायदा वाचवला, पण ज्या अर्थाने वाचवला तो १९८६मध्ये ढोल वाजवणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात नसावा.

इथेही शेपूट उरलंच. या कायद्यानंतर कलम १२५ मुस्लिम घटस्फोटितेला उघडं राहिलं की नाही? त्याचं सविस्तर उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिलं १० जुलै २०२४ रोजी : हो, राहिलं. इंदूरच्या दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज पडल्यापासून हिशेब केला तर शेहेचाळीस वर्षं. १९८६च्या त्या कायद्यात एक वाक्य जास्त लिहायचं होतं, एवढंच.

तुम्ही म्हणाल, तो विषयच पेटलेला होता, त्यात मुद्दाम धूसर लिहावं लागतं. मान्य. राजकारणात सगळ्यांना आपापला अर्थ घेऊन घरी जाता यावं, असं वाक्य कधी कधी लिहिलं जातं. पण ज्यात काही पेटलेलं नव्हतं, तिथे काय झालं?

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५चा, तो लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ रोजी. बाईला ‘सामायिक घरात’ राहण्याचा हक्क मिळाला. सामायिक घर म्हणजे काय याची व्याख्या एवढी लांब आणि गुंतागुंतीची की दोन महिन्यांच्या आत, डिसेंबर २००६मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी निकालातच लिहिलं की ही शब्दरचना धड नाही, मसुदा ओबडधोबड झालेला दिसतो. आणि मग त्यांनी व्याख्येचा संकोच केला : घर नवऱ्याचं असलं पाहिजे, किंवा त्याने भाड्याने घेतलेलं, किंवा ज्या एकत्र कुटुंबाचा तो सदस्य आहे त्याचं. सासूच्या नावावरचं घर सामायिक नाही. आता इंदुरात नांदणाऱ्या किती सुनांचं घर नवऱ्याच्या नावावर असतं? सुदामानगर असो की जुनी रामबाग, घर सासऱ्यांचं नाहीतर सासूबाईंचं. २००६ ते २०२० या काळात ज्या ज्या सुनेने माझ्यापुढे बसून ‘मला घराबाहेर काढलंय’ असं सांगितलं, तिला माझा पहिला प्रश्न असायचा, घर कुणाच्या नावावर आहे? उत्तर ऐकूनच प्रकरण अर्धं संपायचं. १५ ऑक्टोबर २०२० रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला. नातेवाइकाच्या मालकीच्या घरात सून स्थिरपणे राहत असेल, तर ते घर सामायिक असू शकतं.

हे सांगताना न्यायाधीशांना मोकळं सोडायचा माझा विचार नाही. २००६च्या त्या निकालात, समाजात गोंधळ माजेल असा अर्थ नको, असा एक विचार होता. गोंधळ कशाला म्हणायचं, हे तिथे न्यायाधीशांनी स्वतः ठरवलं. इंग्लंडमधले न्यायाधीश डेनिंग यांनी १९४९मध्ये म्हटलं होतं की न्यायाधीशाने कायद्याच्या कापडाला पडलेल्या सुरकुत्या इस्त्री करून काढाव्यात, पण कापड बदलू नये. दोनच वर्षांनी तिथल्या सर्वोच्च पीठाने त्यांचे कान उपटले की अर्थ लावण्याच्या मिषाने ही कायदेमंडळाची जागा बळकावणं आहे. आपल्या कपडा मार्केटातला कुणीही सांगेल, इस्त्रीने सुरकुती जाते, विणीतला दोष जात नाही. तुमच्याकडून येणाऱ्या कापडात विणीचे दोष फार असतात आणि मग कुठे इस्त्री फिरवायची नि कुठे कात्री, हे ज्याच्या हाती पडेल तो ठरवतो.

मुलींच्या वारसाहक्काचं उदाहरण थोडक्यात. ९ सप्टेंबर २००५पासून हिंदू एकत्र कुटुंबातली मुलगी जन्मतःच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतली वाटेकरी, झाली. २० डिसेंबर २००४पूर्वी झालेल्या वाटण्यांना हात लावायचा नाही, एवढं संसदेने स्पष्ट लिहिलं, छानच. पण वडील २००५पूर्वीच वारले असतील तर? लिहिलं नाही. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, त्या तारखेला वडील हयात हवेत. २०१८मध्ये दुसऱ्या पीठाने, २००१मध्येच वडील वारलेल्या मुलींना वाटा दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायाधीशांनी सांगितलं, हक्क जन्माने येतो, वडील हयात असण्याची अट नाही. एकाच घराच्या वाटणीसाठी येणाऱ्या बहिणींना मी आधी ‘नाही’ म्हटलं, मग ‘थांबा, बघू’ म्हटलं आणि शेवटी ‘हो’ म्हटलं. तोवर भाऊ-बहिणींची बोलाचाली बंद झाली होती. ‘वडील हयात असोत वा नसोत’, पाच शब्द.

आणि असं नाही की तुम्हाला लिहिता येत नाही. २००२मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती झाली, प्रतिवादीने कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत दिलीच पाहिजे. शब्द सक्तीचा होता. पण मुदत उलटली तर काय, हे लिहिलं नव्हतं. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत मार्गदर्शक ठरवली, योग्य कारण असेल तर न्यायालय उशीर माफ करू शकतं. इंदूरच्या कोणत्याही दिवाणी न्यायालयात जाऊन बसा, ९० दिवसांचं काय झालं ते दिसेल. पुढे २०१५मध्ये व्यापारी न्यायालयांचा कायदा आला. त्यात १२० दिवस दिले आणि पुढे लिहिलं की त्यानंतर कैफियत देण्याचा हक्कच जाईल आणि न्यायालय ती दाखल करून घेणार नाही. २०१९मध्ये हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा निकाल झाला : मुदत बंधनकारक. सक्तीचा शब्द तोच, अर्थ लावणारं न्यायालयही तेच. फरक पडला तो तुम्ही परिणाम लिहिला म्हणून. न्यायाधीशांना जागा ठेवायची नसेल तर ती कशी बंद करायची, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. व्यापाऱ्यांच्या दाव्यांसाठी ते केलंत, बायकांच्या पोटगीसाठी नाही केलंत.

होय, पोटगी. या पत्राचं निमित्त तेच आहे. कलम १२५मध्ये लिहिलेलं होतं की पोटगी आदेशाच्या तारखेपासून मिळेल, किंवा, तसा आदेश दिल्यास, अर्जाच्या तारखेपासून. या ‘तसा आदेश दिल्यास’मुळे कुणी न्यायाधीश अर्जापासून द्यायचे, कुणी आदेशापासून. मधली वर्षं बाईने भावाकडे, आईकडे, उसनवारीवर काढायची. आणि प्रकरण जेवढं लांबेल तेवढं नवऱ्याचं पैशात भलं, मग तो पेशीला का येईल? ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा घोळ मिटवला : सर्व प्रकरणांत पोटगी अर्जाच्या तारखेपासून. चांगलं झालं. तीन वर्षांनी, डिसेंबर २०२३मध्ये, तुम्ही फौजदारी प्रक्रिया संहिता मोडीत काढून नवी नागरिक सुरक्षा संहिता केली. वसाहतीच्या काळातलं सगळं टाकून दिलं म्हणून भाषणं झाली. १ जुलै २०२४पासून ती लागू आहे आणि तिच्यातलं पोटगीचं कलम आहे १४४. त्याचं दुसरं पोटकलम उघडून वाचा. आदेशाच्या तारखेपासून, किंवा, तसा आदेश दिल्यास, अर्जाच्या तारखेपासून. शब्द न् शब्द जुना.

आता समोरचा वकील उठून काय म्हणतो ते सांगू? संसदेला २०२०चा निकाल माहीत असणारच, तरीही तिने जुनीच भाषा ठेवली, म्हणजे न्यायाधीशाचा ऐच्छिक अधिकार संसदेला कायम ठेवायचा होता. अर्थ लावण्याच्या नियमांत हा युक्तिवाद बसतो. अकोल्याच्या पानांच्या प्रकरणात न्यायालयाने नेमकं हेच पाहिलं होतं, तुम्ही काय ठेवलं आणि काय काढलं. मी उत्तर देते की २०२०चा निकाल आजही बंधनकारक आहे आणि ते उत्तर बहुतेक वेळा चालतं. पण जो वाद मिटला होता तो तुम्ही पुन्हा उघडून दिलात, तेही बहुधा कुणाच्या लक्षात न येता, जुनं पान उतरवून घेताना.

लक्षात येण्यासाठी जागा असते, ती म्हणजे समिती आणि चर्चा. पंधराव्या लोकसभेत दर दहा विधेयकांतली सात समित्यांकडे जात होती, सतराव्या लोकसभेत दहातली दोनसुद्धा गेली नाहीत. फौजदारी संहिता समितीकडे गेली होती, तरी हे सुटलं, म्हणजे नुसतं पाठवून भागत नाही, तिथे कलम वाचणारं कुणीतरी लागतं. भोपाळला तर विधेयक मांडलं कधी आणि आवाजी मतदानाने मंजूर झालं कधी, हे आम्हाला राजपत्र आल्यावर कळतं. इथून महू हाकेच्या अंतरावर आहे. तिथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा सभागृहात मांडला, तेव्हा त्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष चर्चेला आल्या. कलमागून कलम, ते उठून सांगत होते की हा शब्द का आणि तो का नको. आजही घटनेच्या एखाद्या शब्दावर वाद झाला की न्यायाधीश ती चर्चा मागवतात. तुमच्या विधेयकांवरची चर्चा मागवली तर किती पानं हाती लागतील?

आणि दरवर्षी आवरण्यासारखं एक काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने एखाद्या कलमाचा अर्थ कायम केला की सरकारने तो सभागृहापुढे ठेवावा. पटला तर कलमात लिहून टाकावा, नाही पटला तर उघडपणे बदलावा. पण १९८६सारखं दोन्हीकडे टेकलेलं वाक्य नको.

इंदूरने लोकसभेला सुमित्राताई महाजनांच्या रूपाने अध्यक्ष दिल्या आहेत, तेव्हा सभागृहाच्या कामाची रीत तुम्हाला मी सांगावी असं नाही. तरी मागणी नेमकी असावी म्हणून लिहिते. खासदारसाहेबांनी शुक्रवारच्या खासगी विधेयकांच्या वेळेत एका ओळीची दुरुस्ती मांडावी : कलम १४४च्या दुसऱ्या पोटकलमात ‘आदेशाच्या तारखेपासून, किंवा, तसा आदेश दिल्यास,’ हे शब्द गाळावेत. खासगी विधेयकं मंजूर होत नाहीत, १९७०नंतर एकही झालेलं नाही, हे ठाऊक आहे. पण ते मांडलं जाऊन चर्चेला आलं तर मंत्र्यांना उत्तर द्यावं लागेल आणि सरकार स्वतःची दुरुस्ती आणू शकेल. आमदारसाहेबांनो, फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे. राष्ट्रपतींच्या संमतीने मध्य प्रदेशापुरती हीच दुरुस्ती विधानसभाही करू शकते, त्यासाठी संसदेची वाट पाहण्याचं कारण नाही. पावसाळी अधिवेशनाच्या आधी मसुदा हवा असेल तर इथल्या वकिलांपैकी कुणीही तो संध्याकाळपर्यंत देईल. मीही देईन.

कळावे,
आपली मतदार,
कौटुंबिक न्यायालयातली एक वकील
इंदूर